दोन गडग्यांमधली पाखाडी

मला कुणी हळू म्हटलं की माझं डोकं फिरतं. मला स्वतःला म्हटलं तर एक वेळ चालेल, माझ्या कोडला म्हणू नये. आणि दोन हजार सातच्या दिवाळीनंतर सलिल रोज सकाळी ऑफिसात आला की चप्पल काढायच्या आधी नेमकं तेच म्हणायचा.

"नीरजा, काल परत मोजलं. चार मिनिटं अकरा सेकंद."

आमच्या नकाशाच्या एडिटरमध्ये एक गाव उघडायला एवढा वेळ लागायचा. रत्नागिरीत माळनाक्यावर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं पाच, मालक सलिल, आणि कोड लिहिणारी मी. पुण्याच्या एका कंपनीने जिल्ह्यातल्या साठ गावांचे नकाशे करायचं काम घेतलं होतं आणि त्यासाठी लागणारा एडिटर आमच्याकडून करून घेतला होता. ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरने इंटरनेटवर तो उघडायचा, उपग्रहाच्या चित्रावर आपल्या गावातले रस्ते, विहिरी, शाळा, देवळं माउसने काढायची आणि ‘जतन’ दाबायचं. इतकं साधं. फक्त गाव उघडेपर्यंत ऑपरेटर चहा पिऊन, कप विसळून परत यायचा.

खोटं कशाला बोलू, एडिटर हळूच होता. म्हणूनच तर मला राग यायचा. पहिला कोड मी घाईत लिहिला होता. तो सगळं गाव एकदम मागवायचा आणि मग गावातला प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याशी जुळतो का ते बघत बसायचा. पंचायतीची टेलिफोनची तार आणि तिथला म्हातारा कॉम्प्युटर यांच्यापुढे तो कोड हात टेकायचा. पुण्याच्या करारात लिहिलं होतं, वीस सेकंदांत गाव उघडलं पाहिजे.

मग डिसेंबरचा अख्खा महिना बसून मी तो कोड पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. दोन गोष्टी बदलल्या. एक, पडद्यावर जेवढा भाग दिसतोय तेवढाच मागवायचा. दुसरी गोष्ट ठिपक्यांची. पंचायतींमधले माउस गोळीचे. गोळीत धूळ अडकते, हात हलतो, आणि जिथे एक ठिपका हवा तिथे सात पडतात. हजारो फुकटचे ठिपके. म्हणून मी नियम घातला की तीन मीटरच्या आत जेवढे ठिपके असतील तेवढे सगळे एकच समजायचे. रस्त्याला रस्ता आपोआप जुळायचा, फाटे तुटके राहायचे नाहीत, आणि ओझं एकदम हलकं.

"तीन मीटर जास्त नाही ना होत?" सलिलने विचारलं होतं.

"तीन मीटरमध्ये असं काय मोठं असणार आहे?" मी म्हटलं. हे वाक्य मला आजही लख्ख आठवतं आणि आठवलं की कान तापतात.

गाव नऊ सेकंदांत उघडायला लागलं. सलिलने स्वतः खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव आणले. एक जानेवारीला आम्ही नवा एडिटर साठही गावांना चालू करून दिला. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हे नकाशे गावापुढे ठेवायचे होते आणि त्यावरून प्रत्येक पंचायतीच्या तेवीस नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, गावातल्या वाटा चढवायच्या होत्या. तोवर मसुदा पंचायतीच्या फळ्यावर लावलेला. कुणाची हरकत असेल तर लेखी द्यायची.

संक्रांतीच्या दिवशी साखरकोंडहून नम्रताचा फोन आला. नम्रता तिथल्या पंचायतीची ऑपरेटर. साठ जणांत तिचं काम सगळ्यात नेटकं असायचं, त्यामुळे तिने तक्रार केली की मला जरा जास्तच झोंबायची.

"मॅडम, आमची पाखाडी गेली ओ."

"नीट बघ. चुकून पुसली असशील."

"मी नाही पुसली. काल बोअरिंग दाखवायला गाव उघडलं, बोअरिंग टाकलं, जतन केलं, मसुदा परत छापून फळ्यावर लावला. आज बघते तर पाखाडी नाही. मी दोन गडगे काढले होते, एकच दिसतोय."

मी साखरकोंड उघडलं. नऊ सेकंद. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे वरचीवाडी आहे, तिथवर एक रेघ चढत गेली होती. एकच. जाड, सरळ आणि मूर्ख.

"पण तू गडगे कशाला काढत बसलीस?" मी म्हटलं. "वाट काढायचं बटण दिलंय ना मी?"

"वाट म्हणजे काय काढू मॅडम? ती मोकळी जागा आहे. गडगे आहेत म्हणून तिला पाखाडी म्हणायचं." ती पुढे म्हणाली. "आणि ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलंत. डोळ्याला जे दिसतं तेवढंच काढा, मनाचं काही घालू नका."

सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये, हॉलमध्ये, हातात माइक घेऊन, साठ ऑपरेटरांना. फळ्यावर लिहूनही दाखवलं होतं. आणि मी? इथे जन्मले, इथे वाढले, शाळेत जाताना रोज अशाच पाखाडीच्या पायऱ्या दोन गडग्यांमधून, चिऱ्यांच्या दोन भिंतींमधून, उतरले, आणि माझ्या डोक्यात आलं नाही की आमच्याकडे वाट कुणी बांधत नाही. या बाजूचा आपल्या बागेला गडगा घालतो, त्या बाजूचा आपल्या बागेला घालतो, आणि मधे जे उरतं त्यातून गाव चालतं. असल्या दोन गडग्यांमधलं अंतर तीन मीटर कुठून असणार? माझ्या नियमाने या गडग्याचा ठिपका त्या गडग्याच्या ठिपक्याला नेऊन चिकटवला होता. बाकी काही नाही. दोन भिंतींची एक भिंत करून टाकली होती.

मी उरलेली गावं एकेक करून तपासली. साठांपैकी एकेचाळीस गावांत ऑपरेटरांनी पाखाड्या अशाच काढल्या होत्या, गडग्याला गडगा. त्यातल्या अकरा गावांनी एक जानेवारीनंतर ‘जतन’ दाबलं होतं. दहांचं जुनं काम माझ्याकडे सीडीवर होतं. दर शुक्रवारी सगळी गावं सीडीवर भरून कपाटात ठेवायची हे माझं काम. नवा कोड लिहायच्या आणि चालू करायच्या नादात डिसेंबरच्या मध्यापासून गेले पाच शुक्रवार मी ते केलंच नव्हतं, आणि नम्रताने वरचीवाडी काढली ती एकोणीस डिसेंबरला. तिचे दोन गडगे आता कुठेच नव्हते.

"त्यात काय गो एवढं?" सलिल म्हणाला. "तिला सांग, मधून वाटेची एक रेघ मार. दोन मिनिटांचं काम."

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्यासमोर दोन गडगे काढले, मधून एक वाट काढली, जतन दाबलं. तिन्ही रेघांची एक झाली. सलिलने चष्मा काढून पुसला आणि परत लावला, जसं काही त्याने रेघा वाढणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि आरे-वारे मागे टाकून साखरकोंडला गेले. पंचायतीच्या दारातच फळा होता आणि फळ्यावर मसुदा. माझी ती जाड रेघ छापल्यावर आणखीच निर्लज्ज दिसत होती. नम्रता बाहेर आली. गडबडीत हळदीकुंकवाचं बोट तिच्या गालालाही लागलं होतं.

"काल भिकाजीशेठ येऊन गेले," ती म्हणाली.

भिकाजीशेठ म्हणजे पाखाडीच्या उजव्या बाजूच्या कलमांचा मालक. मागच्या वर्षी त्याने डावीकडची बागही विकत घेतली होती. आता दोन्ही बागा त्याच्या, आणि मधे ही वाट, म्हणजे त्याच्या डोळ्यात कुसळ. त्याने फळ्यावर बोट ठेवून ग्रामसेवकाला विचारलं होतं, "गडगा एकच दिसतोय. एका गडग्याच्या पोटातनं वाट जाते होय?" आणि पाखाडीच्या पायथ्याशी चिऱ्याचा एक ट्रॅक्टर येऊन पडला होता. खालचं तोंड बंद करायला.

पूर्वी वाट बुजवायची त्याची हिंमत झाली नसती. आता त्याच्या हातात छापील कागद होता, आणि त्या कागदावरची रेघ माझी होती. मला इतकी शरम वाटली की मी नम्रताकडे न बघता स्कूटीच्या डिकीतून टेप काढायला गेले.

पाखाडीच्या पायथ्याशी चिऱ्यांच्या ढिगावर एक बाई बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, उजव्या गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. नम्रताची आत्या, जनी. वरच्यावाडीत चौदा घरं, त्यातलं सगळ्यात वरचं हिचं. तरणे पुरुष सगळे मुंबईला. वर वाहन जात नाही, दुसरी वाट नाही. रेशन, दळण, गॅसचा सिलिंडर, आजारी माणूस, सगळं याच पाखाडीने.

"ही कंप्युटरवाली काय?" तिने नम्रताला विचारलं. मग माझ्याकडे बघून, "चल. वर चल. हितं उभं राहून काय दिसनार नाय तुला."

मी टेप धरून चढायला लागले. नम्रता दुसरं टोक धरत होती आणि जनीआत्ये गडग्याला हात टेकत माझ्या पुढे. दर दहा पायऱ्यांवर मी रुंदी लिहून घेत होते. दोन मीटर दहा. एक ऐंशी. सगळ्यात अरुंद जागा फणसाखाली, एक मीटर चाळीस. तीन मीटर कुठेच नाही. आंब्याला मोहोर धरला होता आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत अडकल्या होत्या. उपग्रहाला वरून दिसणार काय, नुसता पाला.

मधे एक वळण होतं. तिथे डावीकडचा गडगा चांगला हातभर आत गेलेला.

"हा इथे असा का?" मी विचारलं.

"डोली वळायला," जनीआत्ये म्हणाली. "दोघं फुडं, दोघं मागं. वळनावर मागचा गडग्याला घासायचा. माज्या सासऱ्यानं बागवाल्याला सांगून गडगा मागं घेतलान. सवता चिरे उचललान. गेल्या साली माजा गुडघा मोडला ना, मना हितनंच नेली."

मी वळणाची चार मापं घेतली. माझ्या कोडने हे वळण सरळ करून टाकलं होतं. सरळ रेघेला ठिपके कमी लागतात.

वर पोचल्यावर मी म्हटलं, "दोनशे चौदा पायऱ्या."

"दोनशे बारा," जनीआत्ये म्हणाली.

"मी मोजल्यात, आत्ये."

"खालच्या दोन गटाराच्या. पंचायतीनं मागनं बसवल्यान. त्या पाखाडीच्या नव्हत. त्या धरायच्या नायत."

मी वहीत दोनशे चौदा खोडून दोनशे बारा लिहिलं. तिने ते वाकून बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण खोडलेलं कळत होतं. मग पायरीवर बसली आणि गुडघा दाबत म्हणाली, "तर मंग तुज्या नकाशात आमी कुठनं उतरायचा?"

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "गडगे तुमच्या नम्रताने बरोबर काढले होते. मी ते एकाला एक चिकटवले."

मला वाटलं ती रागावेल, किंवा ‘असू दे गो’ म्हणेल. तिने दोन्हींतलं काही केलं नाही.

"चूक हाय तर निस्तर. माज्याकडं काय बघतेस?"

निस्तरायला माझ्या हातात नऊ दिवस होते.

नियम काढून टाकला तर? एक मिनिट पन्नास सेकंद. मग मी असं केलं, की एकाच रेघेतले जवळचे ठिपके एक करायचे, कारण ते माउसच्या गोळीचे. पण दोन वेगळ्या रेघांचे ठिपके कितीही जवळ असोत, त्यांना हात लावायचा नाही. तीनचा आकडा होता तिथे शून्य. त्याने गडगे वेगळे राहिले, पण रस्त्यांचे फाटे तुटले. पुण्याच्या लोकांना एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाता येईल असा सलग नकाशा हवा होता, म्हणून गाव उघडताना कुठला रस्ता कुठल्याला मिळतो ते शोधायला लागलं, आणि त्यात वेळ गेला. हे शोधणं जतन करतानाच एकदा उरकून ठेवता आलं असतं. मला ते माहीत होतं. पण त्याला लागला असता महिना, आणि मी एकदा घाई करून बघितली होती. दुपारचे तीन तास लोडशेडिंग. तिकडे अंजनवेलला एवढं अवाढव्य वीजकेंद्र, आणि आम्ही इथे इन्व्हर्टरवर दोन मशीन चालवून तिसऱ्याकडे आशेने बघतोय. शेवटी खेचूनखेचून मी सत्तावीस सेकंदांवर आणलं. त्याखाली ते काही केल्या उतरेना.

शिवाय एक नवं बटण केलं, ‘मधली वाट’. ऑपरेटरने या गडग्यावर टिचकी मारायची, त्या गडग्यावर मारायची. मधली जागा एडिटर वाट म्हणून रंगवणार आणि कमीत कमी रुंदी स्वतः लिहिणार. मग एकेचाळीस पंचायतींना एकेक करून फोन लावले. वेळणेश्वरकडच्या एका ऑपरेटरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, आता न दिसणारं पण काढायचं." मी म्हटलं, हो, आणि माझी लाज काढून झाली असेल तर कामाला लागा. तेवीस तारखेपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस गावांचं काम आलं. नम्रताचं पहिल्या दिवशी.

चोवीसला पुण्याहून शार्दूल आला. कंपनीचा प्रकल्पप्रमुख, माझ्याच वयाचा, बोलायला गोड. नवा एडिटर बघून सही करायला आला होता. सलिलने टेबलावर कुठूनतरी फुलदाणी आणून ठेवली होती. शार्दूलने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि म्हणाला, "एखादं गाव उघडा."

मी साखरकोंड उघडलं.

सत्तावीस सेकंद गप्प बसून काढायचे म्हणजे फार होतात. विसाव्या सेकंदाला सलिलने घसा खाकरला. गाव उघडलं तेव्हा वरच्यावाडीकडे दोन बारीक रेघा चढत गेल्या होत्या आणि त्यांच्या मधे हिरवा पट्टा, वळणावर जरा फुगलेला.

"एक तारखेला नऊ होते," शार्दूल म्हणाला. "काय झालं?"

मी सांगितलं. गडगे, पाखाड्या, एकेचाळीस गावं, भिकाजीशेठचे चिरे, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," तो म्हणाला, "पण या पायवाटा आहेत. गाडी जात नाही त्यावरून. करारात वीस आहे, मी सत्तावीसवर सही करू शकत नाही. तुम्ही तो तीनचा आकडा परत टाका, मी आत्ता सही करतो. पुढच्या महिन्यात निवांत बसून पायवाटांचं बघू."

"परवा ग्रामसभा आहे. त्या दिवशी जो नकाशा छापला जाईल तो नोंदवहीत जाईल. पुढच्या महिन्यात काय बघायचं? बांधून झालेला गडगा?"

"अगो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," सलिल म्हणाला. माझ्याकडे न बघता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती शार्दूलवर नाही, सलिलवर. हा माणूस राजीवड्याला वाढला. याच्या घरी जायला स्कूटर बाहेर लावून चालत जावं लागतं.

"सात सेकंद जास्त लागतात," मी शार्दूलला म्हटलं. "हळू आहे, कबूल. मला हळू म्हटलेलं अजिबात खपत नाही, विचारा याला. पण हे सात सेकंद कमी करायला वरच्या चौदा घरांना वाट बंद होणार असेल, तर मी ते करणार नाही. आकडा बदलायचाच असेल तर तुम्ही बदला. फाइल उघडून देते."

मी खुर्चीतून उठले. फाइल उघडली, त्या ओळीवर आणून ठेवली आणि बाजूला झाले. शार्दूल हसला. त्याला वाटलं मी नाटक करतेय. मग त्याने खुर्ची ओढली आणि खरंच बसला. एका आकड्याचं काम होतं, शून्य पुसायचं, तीन लिहायचं. त्या आकड्याच्या वर मी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहितात तशा. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

‘साखरकोंडची पाखाडी पायांनी चढून आल्याशिवाय हा आकडा बदलू नये. बदललाच तर खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहावं.’

त्याने ते वाचलं. बोटं कीबोर्डवर होती. खालच्या दुकानात कुणीतरी वह्यांचा भाव करत होतं. शार्दूलने पुन्हा एकदा वाचलं, मग बोटं उचलली.

"हा पोरकटपणा आहे," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. "नाव लिहा आणि बदला."

त्याने नाव लिहिलं नाही. आकडाही बदलला नाही. सहीसुद्धा केली नाही. चहा न घेता निघून गेला, आणि सलिल त्याच्या मागे जिन्याने अर्ध्यापर्यंत जाऊन परत आला.

छापायला दुसरा कोड कुणाकडे नव्हता. त्यामुळे सव्वीस तारखेला साठही गावांचे नकाशे त्या हळू एडिटरमधूनच छापले गेले. दुपारी नम्रताचा फोन आला. ग्रामसभेत भिकाजीशेठ उभा राहिला, जुना मसुदा हातात नाचवत. नम्रताने नवा नकाशा फळ्यावर लावला आणि जनीआत्ये, जिने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं, ती उठून म्हणाली की वळणावरचा गडगा कुणी आणि कशाला मागे घेतला ते शेठने सभेला सांगावं. शेठला सांगता येईना. नोंद झाली. साखरकोंड वरचीवाडी पाखाडी, दोन गडग्यांमधली, कमीत कमी रुंदी एक मीटर चाळीस. चिऱ्यांचा ढीग पुढे महिनाभर तिथेच होता, मग एक दिवस ट्रॅक्टर येऊन घेऊन गेला.

आमचं काय झालं तेही सांगते. मार्चमध्ये पुण्याच्या कंपनीने काम काढून घेतलं, सगळा कोड सीडीवर मागवून घेतला आणि स्वतःच्या मोठ्या टीमला दिला. सलिल आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "राजीवड्याची गल्ली किती रुंद आहे, मोजलीस का कधी?" मी म्हटलं, एक मीटर साठ. त्या दिवसापासून तो पुन्हा चहा माझ्यासाठीही सांगायला लागला. आम्ही शाळांच्या निकालपत्रकांचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. ते भराभर चालायचं आणि मला त्याचा कंटाळा यायचा. मी लिहिलेला एडिटर दुसऱ्यांच्या हातात आहे याचं मला फार वाईट वाटायचं. त्या आकड्यावरच्या दोन ओळी कुणी पुसेल आणि मला कळणारही नाही, याचं त्याहून जास्त.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात एक फोन आला. पलीकडे रितेश नावाचा प्रोग्रॅमर, पुण्याच्या त्याच कंपनीतला. त्याने एडिटरचा कोड पुन्हा पहिल्यापासून लिहिला होता.

"मॅम, फाटे जुळवायचं काम मी जतन करतानाच उरकतो. गाव सहा सेकंदांत उघडतं."

मला महिना मिळाला असता तर मीही तेच केलं असतं, आणि हे त्याला सांगायचा मोह मी कसाबसा आवरला. "उत्तम," मी म्हटलं.

"एक विचारायचं होतं. तुमच्या जुन्या कोडात एका ठिकाणी शून्य आहे, ते मी तसंच उचललंय. तिथे तीन टाकलं तर चार सेकंदांत उघडेल. पण वर एक सूचना लिहिलीय, तुमची आहे असं कळलं. ती अजून लागू आहे का?"

म्हणजे दीड वर्षात ती कुणीच पुसली नव्हती.

"तुम्ही पाखाडी चढलात?"

"नाही."

"मग आहे लागू."

तो हसला. "किती पायऱ्या आहेत?"

"जाऊन मोजा," म्हणून मी फोन ठेवला. पोरगा पुण्याहून कशाला येतोय, असंच मला वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात, रविवारी दुपारी, घरी भात टाकत असताना मोबाइल वाजला. रितेशच होता, धापा टाकत.

"दोनशे बारा," तो म्हणाला.

मी गॅस बारीक केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. त्याने एकट्याने मोजल्या असत्या तर दोनशे चौदा आल्या असत्या. गटाराच्या दोन सोडायला लावणारी बाई जगात एकच होती. म्हणजे ती गुडघ्याला फडकं बांधून अजून वर-खाली करत होती, आणि हा तिच्या मागोमाग चढून गेला होता.

"आकडा शून्यच ठेवतोय, मॅम," तो म्हणाला. "सहा सेकंद."

"ठेव," मी म्हटलं. "थांबतील लोक सहा सेकंद."